पिवळं बटण

काउन्सेलरसाहेब मताबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.
सरोवराकडच्या खिडकीशी बसून त्यांनी विचारलं,
माझ्या वडिलांचे गुडघे आता कसे आहेत,
आणि तो बांध, लाटा अडवायचा, दगडी,
त्याची निविदा निघाली का?
साखरेची पुडी त्यांनी फोडली नाही,
नुसती बोटांत फिरवत राहिले.
अर्ध्या तासात माझी कॉफी निवली
आणि सगळं बोलून झालं.

आमचं मिशन म्हणजे जिनिव्हातल्या दोन खोल्या,
एक प्रिंटर, एक मी,
आणि बुधवार-शुक्रवारी येणारी फिलोमेना,
जी टपाल फोडते, हिशेब लिहिते
आणि मला 'एक्सलन्सी' म्हणताना दरवेळी हसू दाबते.
आमचा देश जगाच्या नकाशावर
छापखान्यात शाई उडाल्यासारखा.
पण सभागृहात पाटी आहे, पाटीमागे बटणं आहेत,
आणि मोजताना मत म्हणजे मत,
कोट्यवधींचं असो की अकरा हजारांचं.
म्हणून तर माझ्या वडिलांच्या गुडघ्यांना भाव आहे.

मसुदा आला तेव्हा त्यात होतं, 'तीव्र निषेध करते'.
मंगळवारी 'तीव्र' गेलं.
बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
'निषेधा'च्या जागी 'चिंता' येऊन बसली.
गुरुवारी उशिरा कुणीतरी पेन बंद करत म्हणालं,
'नोंद घेते' चालेल का?
आमच्याकडे किनारा असाच जातो.
आधी वाळू, मग माडाची मुळं,
मग शाळेची मागची भिंत.
एकदम असं काहीच जात नाही.

आयझादाला नव्वद सेकंद मिळाले होते.
तिने मुलाचं नाव सांगितलं, हजेरीपटावरचा नंबर सांगितला,
त्या दिवशी त्याच्या अंगात जो स्वेटर होता
त्याची वीण समजावून सांगू लागली,
दोन सुलट, एक उलट, दोन सुलट,
आणि माईकचा दिवा विझला.
दुभाषी मात्र लगेच थांबली नाही. काचेआड तिचे ओठ
आणखी एक ओळ विणत राहिले
कुणाच्याच कानात नाही अशी.

रात्री तीनला राजधानीतून फोन. तिथे भर दुपार.
मंत्री म्हणाले, "परिस्थिती पाहून ठरव."
मी विचारलं, कुठली, इथली की तिथली?
लाइनवर समुद्र वाजत होता,
किंवा लाइनच खराब होती.

मी अंगठ्याने पिवळं दाबलं.
समोरच्या फलकावर आमच्या नावापुढे ठिपका उमटला,
ताटाच्या कडेला सरकवलेल्या घासासारखा.
ठराव दोन मतांनी पडला. तटस्थ सात.
तटस्थ, म्हणजे तटावर उभा असलेला.
कुठल्या तटावर, हे कुणी विचारत नाही.
माझ्या गावाला तट म्हणावा असा आता फारसा उरलेला नाही.
तो बांधायचा आहे.
निविदा निघेल.
काउन्सेलरसाहेबांनी लांबूनच मान हलवली,
लग्नात ओळखीच्या पाहुण्याला हलवावी तशी.

कोट घेण्याच्या रांगेत ती माझ्याच पुढे होती.
मी कोण, कुठला, तिला माहीत नव्हतं.
"जरा धरता?" असं खुणेनेच विचारून
तिने फोटो माझ्या हातात दिला
आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागली.
प्लास्टिकमध्ये बंद केलेला एरलान. सोळाचा असेल.
कान किंचित मोठे. मिसरूड नुकती.
स्वेटर तोच असावा; मी वीण मोजायला लागलो,
दोन सुलट, एक उलट,
आणि तिसऱ्या ओळीत चुकलो.
नाडी दोनदा सुटली. मागचे लोक घड्याळ बघत होते.
मग ती उठली, फोटो घेतला,
सवयीने उजेडाकडे तिरपा धरला,
आणि त्याच्या गालावर उमटलेला माझा अंगठा
बाहीने पुसून टाकला.